गुऱ्हाळावरचा खून आणि मार्तंडकाकांची जाहिरात

आंबेखळ गावात मार्तंड ढेकळे नावाचा एक लेखक राहायचा, आणि तो इतका भोळा होता की दारावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी दिसली, तर कुत्रा येईपर्यंत तिथेच सावध उभा राहायचा.

या मार्तंडकाकांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. ‘गुऱ्हाळावरचा खून’. रहस्यकथा. खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. खुद्द काकांनाही ते शेवटचं पान लिहितानाच कळलं होतं.

पुस्तक छापून झालं, पण कुणी घेईना. प्रकाशकाने सगळे गठ्ठे काकांच्या पडवीत आणून टाकले आणि बजावलं, “दसऱ्यापर्यंत खपले नाहीत, तर बंडू रद्दीवाला येऊन घेऊन जाईल.”

काकांना घास गोड लागेना. तेवढ्यात पुतणी मुक्ता जर्मनीहून शिकून परत आली. गठ्ठे बघून तिचे डोळे चमकले.

“काका, खेड्यातल्या माणसाचं पुस्तक जगापर्यंत पोचलं पाहिजे! आता दुकानाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. हातात मोबाइल आहे ना? लोकांना सांगा.”

“सांगतो,” काका म्हणाले.

त्यांनी ‘आमचे आंबेखळ’ या गावाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘माझे पुस्तक घ्या.’ मग परत लिहिलं, ‘माझे पुस्तक घ्या.’ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लिहीत राहिले. पाणी कधी येणार हे सांगणारा निरोप त्यात बुडाला आणि अख्ख्या खालच्या आळीचं पाणी भरायचं राहिलं.

मुक्ताने कपाळावर हात मारला. “काका, असं नुसतं घ्या-घ्या करायचं नसतं. आधी लोकांच्या सुखदुःखात सामील व्हायचं. आपुलकीने दोन शब्द बोलायचे. आणि शेवटी हळूच पुस्तकाचा विषय काढायचा.”

“हां, म्हणजे आधी सुखदुःख, मग हळूच पुस्तक. कळलं.”

दुसऱ्या दिवशी उत्तम सुताराने ग्रुपवर लिहिलं, ‘आमचे आजोबा आज पहाटे वारले.’

काकांनी लगेच उत्तर दिलं, ‘आजोबा गेले, फार वाईट झाले. माझ्या पुस्तकातही पहिल्याच पानावर एक माणूस जातो. अवश्य वाचा.’

उत्तमचे तिघे भाऊ पडवीत येऊन उभे राहिले. कावेरीकाकूंनी चहा पाजून त्यांना कसंबसं शांत केलं.

“अहो काका!” मुक्ता म्हणाली. “तिथे पुस्तक कशाला काढलंत? अशा वेळी हात जोडायचे, ‘वाईट झाले, देवापुढे कुणाचे चालत नाही, धीर धरा’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.”

“असं होय! मग आधीच सांगायचंस की. आता चुकणार नाही.”

आणि त्याच आठवड्यात नवल घडलं. शाळेतल्या निवृत्त पाटणकर बाईंनी चक्क एक प्रत विकत नेली. पहिली प्रत! बाईंनी ग्रुपवर लिहिलं, ‘मार्तंडराव, तुमचं पुस्तक आज एका बैठकीत संपवलं.’

काकांनी वाचलं. संपवलं म्हणजे शेवट झाला. शेवटाच्या वेळी काय म्हणायचं, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी जोडलेले हात टाकले आणि लिहिलं, ‘पाटणकर बाई. वाईट झाले. देवापुढे कुणाचे चालत नाही. धीर धरा.’

ग्रुपवर वरचं कोण वाचतं? संध्याकाळी खालच्या आळीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून बाईंच्या दारात हजर. कडी वाजवली. दार बाईंनीच उघडलं.

त्या किंकाळ्या काकांच्या पडवीपर्यंत ऐकू आल्या.

मुक्ता आता दमली होती, पण हरली नव्हती. “काका, वाचक भेटला की त्याचे आभार मानायचे. आणि बाकीच्यांची उत्सुकता ताणायची. अर्धं सांगायचं, अर्धं राखायचं. ऐन भीतीच्या जागी थांबायचं आणि म्हणायचं, पुढचं उद्या.”

“पुढचं उद्या,” काकांनी घोकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका चावडीवरून घरी निघाले होते. समोरून एक नाग सळसळत गेला आणि एका उंबऱ्यावरून आत शिरला. काका तिथेच थांबले. मोबाइल काढला.

‘आत्ताच एक भला मोठा नाग आपल्या गल्लीतल्या एका घरात शिरला आहे. घर कुणाचे? नाग कुठे दडला? पुढचे उद्या.’

गल्ली खाटांवर चढली. म्हातारी माणसं माळ्यावर गेली. उत्तम सुतार रस्त्यात येऊन ओरडला, “अहो मार्तंडकाका, घर कुणाचं तेवढं तरी बोला!”

“उत्सुकता ताणली ना?” काका खूश होऊन म्हणाले. “उद्या!”

घर काकांचंच होतं. कावेरीकाकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता.

सर्पमित्राने नाग धरून नेल्यावर काकू म्हणाल्या, “तीस वर्षं संसार केला, आणि मला म्हणे पुढचं उद्या!”

मुक्ताने काकांना समोर बसवलं. “काका, नीट ऐका. जिथे लोकांना भीती वाटतेय, तिथे काहीही राखून ठेवायचं नाही. कोण आहे, कुठे लपलाय, काय करायचं, सगळं पहिल्या वाक्यात सांगून टाकायचं.”

“पहिल्याच वाक्यात,” काका म्हणाले. “शपथ.”

पण गंमत अशी की नागाचा तो निरोप कुणीतरी पुढे पाठवला. तो तालुक्यात गेला, जिल्ह्यात गेला, पुण्या-मुंबईला गेला. लोक पोट धरून हसले आणि विचारू लागले, हा लेखक कोण?

“काका, आता नशीब उघडलं!” मुक्ता म्हणाली. “दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मोबाइलवरून थेट कार्यक्रम करू. तुम्ही पहिलं पान वाचा. लोक तिथेच पुस्तक मागवतील. गठ्ठे वाचले म्हणून समजा.”

संध्याकाळ झाली. काका धुतलेला सदरा घालून मोबाइलसमोर बसले. बघणाऱ्यांचा आकडा चढत चालला. प्रकाशक बघत होता, पाटणकर बाई बघत होत्या, आजोबांचं दुःख गिळून उत्तमही बघत होता.

काकांनी वाचायला सुरुवात केली. गुऱ्हाळ. किर्र अंधार. उसाच्या चिपाडांत पडलेला मालक. आवाज असा लागला की काकूसुद्धा पोळपाट सोडून दारात आल्या. मुक्ताचे डोळे भरून आले.

तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी लिहिलं, ‘काका, अंगावर काटा आला! जाम भीती वाटतेय!’

काका वाचायचे थांबले. लोकांना भीती वाटतेय. त्यांनी पुस्तक मिटलं.

“मंडळी, घाबरू नका,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “खुनी आहे गूळ शिजवणारा भैरू. तो काकवीच्या पिंपामागे लपलाय. पोरांना घरात घ्या, हातात काठी ठेवा, शेवटच्या पानावर पोलीस त्याला धरून नेतात.”

मुक्ताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आकडा भराभर उतरला.

“काका,” ती म्हणाली, “आता हे पुस्तक कोण घेणार?”

“का? आता तर कुणीही न घाबरता वाचू शकेल.” काकांनी चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं आणि आनंदाने उडीच मारली. “आणि हे बघ! कुणी घेणार नाही म्हणतेस? एक जण थांबलाय अजून. बंडू नाव आहे. सगळ्याच्या सगळ्या प्रती मागतोय गं!”

“सगळ्या?”

“सगळ्या. उद्या टेम्पो घेऊन येतो म्हणतोय. फक्त भाव किलोने लावतोय.”