दगडाखालचा बचनाग

"मग बुवा, कोळशाचा धूर बरा का?"

धर्मनाथबुवा खलात औषध घोटत होते. खाडीकाठच्या त्या मठात ते चाळीस वर्षं वैद्यकी करत आले होते. समोर बसलेला सुहास मयेकर याच गावचा, आता अणुवीज प्रकल्पावर अभियंता. तो प्रकल्प इथे होऊ द्यायचा का, यावर दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. बुवा म्हणतील तेच गाव म्हणणार होतं. सुहासची बारा वर्षांची मेहनत त्या एका शब्दावर अडली होती.

"धूर वाईटच," बुवा म्हणाले. "त्यानेच समुद्र चढतोय. पुळणीवरची सुरूच्या झाडांची रांग त्याने गिळली. उद्या तुमच्या वाडीतले माड जातील."

"तेच सांगतोय. आमच्याकडे धूर नाही. ऊन असो, पाऊस असो, वीज चालू. आणि इंधन मूठभर."

"आणि उरतं ते?"

"थोडंच उरतं."

"थोडं... पण कसलं?"

सुहास हसला. "तुमच्या त्या डबीत बचनाग आहे ना? विषच की. तरी देता."

"देतो. तीन दिवस गोमूत्रात ठेवून, शुद्ध करून. तुझ्या आजीचा ताप त्यानेच उतरला होता."

"मग आम्ही वेगळं काय करतो? उरलेलं काचेत ओतायचं, पोलादात बंद करायचं, खडकात खोल पुरायचं. वर पाटी. दहा हजार वर्षं कुणी हात लावणार नाही."

"पाटीवर काय?"

"धोका. खणू नका. तीन भाषांत."

बुवांनी बत्ता खाली ठेवला आणि उठले. सुहास मागोमाग गेला. मठामागे एका शेवाळलेल्या दगडापाशी ते थांबले. दगडाला लागून हातभर खोल, ताजं भोक होतं.

"सकाळी हे तू पाडलंस?"

"हो. मातीचा नमुना. गावातून वीस ठिकाणचे घेतले."

"दगडावर लिहिलंय की."

सुहास वाकला. नखाने शेवाळ खरवडलं.

"मोडी आहे, बुवा. आता कोणाला वाचता येते?"

"मराठीच आहे."

"काय लिहिलंय?"

"खाली विष आहे, खणू नये. बचनाग भिजवलेलं गोमूत्र पूर्वी इथे ओतत."

सुहासने दोन्ही हात पँटला पुसले.

"भिऊ नको. त्याचा जोर कधीच गेला. शंभर वर्षं झाली."

"तुम्हाला मोडी येते, हे माहीत नव्हतं."

"मला कुठे येते?"

"मग हे..."

"गुरूंनी सांगितलं. त्यांना त्यांच्या गुरूंनी. ज्याने हे कोरलं, त्याच्यापासून मी चौथा."

सुहासने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"आणि पाचवा?"

बुवांनी भोकात माती लोटली. पायाने दाबली.

"पाचवा मिळेना, बाबा."

"उद्या सभेत काय सांगणार, बुवा?"

"हो म्हणेन. तू फक्त तुमची पाटी पुढे सांगणाऱ्या पहिल्याचं नाव सांग."