कानातला कापूस

“मग उस्ताद, बोर्ड कधी लावू?”

श्रेणिकने हे विचारलं तेव्हा दस्तगीर उस्ताद जेवायला बसले होते. त्यांनी कांदा फोडला.

श्रेणिकचा जीव टांगणीला लागला होता. मिरजेत उस्तादांच्या हाताखाली गाड्यांचं काम शिकून आता त्याला स्वतःचं गॅरेज थाटायचं होतं. गाळा ठरला होता. बोर्डही रंगवून तयार होता, ‘नुसत्या आवाजावरून दोष सांगतो’. अडलं होतं ते उस्तादांच्या होकारापाशी. तो मिळाल्याशिवाय शटर उघडायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि कान खरंच तिखट होते हो पोराचे! गाडी फाटकातून आत वळते न वळते, तोच हा आतून ओरडून सांगायचा, काय वाजतंय ते. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. मग हा दिवसभर हवेत.

“ती मगदूमबाईंची गाडी...” उस्ताद म्हणाले.

श्रेणिकचा चेहरा उतरला. वळताना पुढून टणकन वाजायची ती. त्याने ऐकताक्षणी सांगितलं होतं, डाव्या चाकाचा जॉईंट गेलाय. नवा घातलाही. आज गाडी परत आली होती, तशीच वाजत.

“आवाज डावीकडनंच येतोय उस्ताद. आईशप्पथ!”

“व्हय. मलाबी तिकडनंच येतोय.”

“मग?”

...

उस्तादांनी हात धुतले. फळीवरचा कापूस घेतला, त्याचे दोन बोळे केले आणि काही कळायच्या आत श्रेणिकच्या कानांत कोंबले.

मग ते गाडीत बसले. इंजिन चालू केलं, गाडी जागची हलवली नाही. खिडकीतून हात काढून खूण केली. पुढच्या उजव्या चाकामागच्या स्प्रिंगवर तळवा टेकव, बोटं आत घालू नकोस.

उजवीकडे? श्रेणिकला हसूच आलं. म्हातारपण, दुसरं काय! पण चाकापाशी बसून त्याने तळवा टेकवला.

उस्तादांनी स्टिअरिंग वळवलं. स्प्रिंग फिरू लागली, मध्येच अडली... आणि तळव्याखाली असा हिसका बसला की श्रेणिकने हातच मागे घेतला.

तो डावीकडे पळाला. हात ठेवला. स्प्रिंग निमूट फिरत होती, ना हिसका ना काही. पुन्हा उजवीकडे. पुन्हा हिसका!

“उस्ताद! उजवीकडंच हाय! स्प्रिंगच्या वरचं बेअरिंग अडकतंय! आवाज पत्र्यातनं फिरून तिकडं जातोय!”

कानांत कापूस, त्यामुळे तो इतका मोठ्याने ओरडत होता की समोरचा पानवालाही उठून बघायला आला. श्रेणिकला त्याचं काय! आनंद पोटात मावत नव्हता. ग्रीस लागलेल्या हातांनीच त्याने उस्तादांचे पाय धरले.

“आता तरी लावू ना बोर्ड?”

उस्ताद काहीतरी पुटपुटले. श्रेणिकने घाईघाईने एका कानातला बोळा उपसला.

“काय म्हणालात?”

उस्तादांनी त्याच्या हातातला बोळा बघितला...

“आधी तो परत घाल. मग लाव बोर्ड.”