निवळीवरची साय

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते मला अगदी वर्षासकट ठाऊक आहे. फक्त आत्ता आठवत नाही, एवढंच.

एका रानाची राखण एक म्हातारा आणि एक म्हातारी करायची. दोघंही पान खाणारी. म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याच्या खोड्या काढायचा, म्हातारी म्हाताऱ्याची खोड मोडायची.

मग पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. वर्षांमागून वर्षं कोरडी गेली. रानात पाचोळा पडायचा, पण कुजायचा नाही. पायाखाली पापडासारखा मोडायचा.

पाटील म्हणाला, "माती मेली. आता झाडं तोडून कोळसा पाडू. गावाच्या पोटाला तेवढाच आधार."

"मेली नाही," म्हातारी म्हणाली. "पाचोळा कुजवणारे बारके जीव असतात मातीत, डोळ्यांना न दिसणारे. पाण्यावाचून ते अंग चोरून पडलेत. श्वास मंद झालाय, बंद नाही."

"न दिसणाऱ्यांचा श्वास तू बघितलास होय?"

"उद्या तुम्हीपण बघा."

तिनं पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला आणि वरची नितळ निवळी वाटीत घेतली. वाटी झाडाखाली मातीवर ठेवून वर मडकं पालथं घातलं, कडा ओल्या मातीनं लिंपल्या. मातीचा श्वास लागला की निवळीवर पांढरी साय धरते. सुकाळात ती दुधावरच्या सायीसारखी जाड यायची.

"साय आली तर रान राहील," पाटलानं कबूल केलं.

म्हाताऱ्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिन्हीसांजेला तो पपईचा पोकळ देठ घेऊन रानात गेला. माणसाच्या श्वासानंही निवळी पांढरी होते. ही गंमत दाखवून त्यानं गावातली किती पोरं चकवली होती. चारदा फुंकलं की काम झालं.

तो मडक्यापाशी बसला. मग मनात आलं, फुंकलं तर पाटील फसेल खरा, पण माती जिवंत आहे का, ते आपल्यालाही कधी कळणार नाही. त्यानं देठ फेकून दिला, मडक्यावरून हात फिरवला आणि घरी आला.

सकाळी पाटलानं मडकं उचललं. निवळीवर साय होती. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, बोट लावताच फुटली.

"इतकीच?"

"तापानं निपचित पडलेलं पोर गाणी म्हणत नाही, पाटील," म्हातारी म्हणाली. "श्वास चाललाय ना, मग पांघरूण घालायचं."

पाटलानं शब्द पाळला. रान राहिलं, पाचोळ्याचं पांघरूणही कुणी ओढलं नाही. पुढे पाऊस आला तेव्हा तोच पाचोळा काळाभोर झाला, त्यातून अळंब्या वर आल्या आणि निवळीवर बोटानं उचलावी अशी साय धरली.

म्हातारा पानाला चुना लावत ऐटीत म्हणाला, "तात्पर्य: जे गप्प पडलंय, ते मेलं असं धरून चालू नये. लक्षात ठेव, म्हातारे."

"अस्सं," म्हातारी म्हणाली. "मग रात्री मी गप्प झोपले की माझ्या नाकापाशी हात कशाला धरता?"