सांतानबायचं पाणी

सांगा पाहू, विश्वास कुणावर ठेवावा? वही लिहिणाऱ्यावर, की बाळाच्या कपाळावर हात ठेवणारीवर?

फार वर्षांमागे वसईकडच्या एका पाखाडीत, ख्रिस्ती वस्तीत, सांतानबाय नावाची सुईण होती. निम्मी पाखाडी तिच्याच हातावर जन्मली, असं म्हणतात. एका दुपारी केळीच्या वाडीत तण काढताना कोन्सूला अवेळी कळा आल्या. मूल झालं, पण धुगधुगीपुरतंच. विहीर लांब. सांतानबायनं कोयत्यानं केळीचा बुंधा छाटला, धार लागली, ती बाळाच्या कपाळावर धरली आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं त्याला पास्कू म्हटलं. पास्कूनं दोन श्वास घेतले नि डोळे मिटले.

पाद्रीबाबा म्हणाले, "बाप्तिस्म्याला पाणी लागतं, बाय. हा तर केळीचा रस. मूल भिंतीबाहेर पुरा. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव नाही."

"केळीनं तो कुठून आणला, फादर? आमच्याच विहिरीतून ना?"

"मला शास्त्र शिकवतेस?"

"शास्त्र तुमचं. पाणी आम्ही शेंदतो."

कोन्सूनं आपलं लेकरू दफनभूमीच्या भिंतीबाहेर, बेवारशासारखं मातीत ठेवलं. देवाच्या घरात दोन श्वासांना जागा नाही, याचा सांतानबायला असा संताप आला की तिनं देवळाची पायरी सोडली. प्रार्थना मात्र सोडली नाही. ती त्या मातीवर केळीचा मुनवा, म्हणजे कोंब, लावून तिथंच गुडघे टेकू लागली.

मग नवल झालं. वहीत पुढच्या बाळाचं नाव लिहावं, तर सकाळी ती ओळ ओली आणि कोरी. गावच्या मुकादमाच्या नातवाचं नावसुद्धा टिकलं नाही. नऊ नावं वाहून गेली, असं म्हणतात. भिंतीबाहेरची केळ तेवढी भर उन्हात टपटप गळत होती.

शेवटी पाद्रीबाबा वही घेऊन स्वतः केळीपाशी आले.

"त्या पोरांचा काय दोष?" सांतानबाय म्हणाली. "आधी पास्कूची मागली ओळ भरा."

"मी खोटं लिहू?"

"खोटं कशाला? केळीच्या पाण्यानं, असंच लिहा."

त्यांनी लिहिलं : पास्कू, कोन्सूचा. केळीच्या पाण्यानं. शाई वाळली. खाली पुन्हा लिहिलेली नऊ नावंही टिकली. त्या पावसात तिकडची भिंत पडली, ती पुन्हा कुणी बांधली नाही.

आजही त्या पाखाडीत मृतांच्या दिवशी पहिली मेणबत्ती त्या केळीपाशी लागते, आणि बाप्तिस्म्याचं उरलेलं पाणी तिच्याच बुडाशी ओततात. त्याला सांतानबायचं पाणी म्हणतात.

तुमच्याही हाती कधी वही येईल, बाबांनो. दुकानाची असो वा देवळाची, जे झालं ते झालं तसंच लिहा. दोन श्वासांची ओळसुद्धा गाळू नका.