तुळईचं कण्हणं

वसईकडच्या एका गावात, पणजोबांच्याही आधीपासून, एक कौलारू चर्च उभं होतं. छपराखाली एक पाल राहायची. सगळ्यांच्या भानगडीत डोकावायची तिला खोड, पण मनाने मायाळू.

एकदा गावाने वर्गणी काढून छपरावर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. पाल तडक मधल्या तुळईकडे धावली. ही तुळई वाळवीने आतून पोखरली होती. दर सणाला तिच्यावर तेलाचा हात फिरायचा, म्हणून बाहेरून तेवढी चकचकीत दिसायची.

"मावशी, हा भार तुला झेपणार नाही. सांग त्यांना," पाल तुळईला म्हणाली.

"गप गं. आयुष्यभर छप्पर पेललं, आता सांगितलं तर सरपणात जाईन."

"आणि खाली पोरं बसतात, त्यांचं काय?"



सकाळी पहिलं पॅनेल दोराने वर चढलं. खाली मुलं गाण्यांचा सराव करत होती. पाल चुकचुकली, पुन्हा चुकचुकली.

"मेली अपशकुनी," कुणीतरी म्हणालं.

पॅनेल कौलांवर टेकणार, इतक्यात तुळईने खाली मुलांकडे पाहिलं आणि ती मोठ्याने कण्हली. तिच्या अंगातला भुसा फादर बस्त्यावांच्या पांढऱ्या झग्यावर सांडला.

"दोर आवरा," फादर म्हणाले. "पोरांनो, आधी बाहेर चला."

नवी तुळई चढली, मग पॅनेलही बसलं. जुनीच्या शाबूत तुकड्याचा अंगणात बाक झाला. पाल लगेच विचारपूस करायला गेली.

"कशी आहेस, मावशी?"

"दिवसभर म्हाताऱ्या येऊन बसतात," तुळई म्हणाली. "पण इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं बघ."