लकी बांबूला देवपण येतं

झाडं बोलायची आणि माणसं आपलंच खरं करायची, त्या काळची गोष्ट.

हेमलताबाईंच्या शिलाईच्या दुकानात, काउंटरवर, काचेच्या भांड्यात एक लकी बांबू होता. बाई दर आठवड्याला पाणी बदलायच्या आणि तो हिरवागार राहायचा. एकदा त्यांना शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं. "हाच पावला!" म्हणत त्यांनी बांबूला हळदकुंकू वाहिलं, भांड्यात चमचाभर दूध घातलं. मग रोज तेच. देवाचं पाणी मोरीत कसं ओतायचं, म्हणून पाणी बदलणंही थांबलं.

बांबू फुगला. दारावर टांगलेल्या लिंबाला म्हणाला, "तू बस लटकत. मी देव झालोय!"

"देव कसला? नासक्या दुधात उभा आहेस," लिंबू म्हणालं. "पाणी माग, नाहीतर कुजशील."

"देव कधी मागतात का?"

आठवड्याभरात मुळं कुजली, बांबू पिवळा पडला. तेव्हा मात्र तो कळवळला, "बाई, नमस्कार राहू द्या, आधी पाणी बदला हो!"

बाईंना ऐकू कुठलं येणार? त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हरखून शेजारणीला हाक मारली, "अहो, बघायला या! बांबूनं सोन्याचा रंग धरलाय!"

त्या दिवशी त्यांनी दोन चमचे दूध घातलं.