एकमताचा निकाल

अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीतलं प्रार्थनागृह त्या सकाळी गच्च भरलं होतं. राफाएल मेंदेसला वाळीत टाकायचं होतं. गुन्हा काय? या तरुणाने ग्रीक तत्त्वज्ञान अभ्यासून पुस्तक लिहिलं की देवाला शरीर नाही, म्हणून धर्मग्रंथातला ‘देवाचा हात’ हे रूपक समजावं. विचार केला, एवढाच गुन्हा! वर बायकांच्या सज्जात त्याची आई कठडा घट्ट धरून उभी होती.

प्रमुख पंच तेलेस छाती काढून उठले. “सातही पंचांचं एकमत आहे. तुझ्या बाजूने एकानेही तोंड उघडलं नाही! आजपासून तू आम्हाला मेलास. तुझी आईसुद्धा तुझ्याशी बोलणार नाही.”

राफाएलने शेजारच्या वृद्ध रब्बींना विचारलं, “गुरुजी, आपल्या जुन्या न्यायसभेत सगळ्याच न्यायाधीशांनी एकमताने मृत्युदंड दिला, तर काय व्हायचं?”

“आरोपी सुटायचा,” रब्बी म्हणाले. “त्याची बाजू कुणी शोधलीच नाही, असं धरत.”

“तो नियम मृत्युदंडापुरता आहे!” तेलेस ओरडले.

“मग मी मेलो, असं आत्ता कोण म्हणालं, पंचमहाशय?”

सभेत खसखस पिकली. तेलेस घाईघाईने पंचांकडे वळले. “अरे, कुणीतरी याची बाजू मांडा! म्हणजे शिक्षा तरी देता येईल.”

“जरूर मांडा,” राफाएल पुस्तक पुढे करत म्हणाला. “फक्त त्याआधी हे वाचावं लागेल.”

सातांपैकी एकाचाही हात पुढे आला नाही.

तेवढ्यात सज्जातून आवाज आला, “राफा, चल घरी. जेवण निवतंय.”